पोस्टरं उतरवणारी शेवंता

पेडण्याजवळ वाघदेवाच्या वाडीत एक जुनं घर पाडायचं काम चाललं होतं. दोन हजार एकवीस साल, दिवाळी होऊन गेलेली. मोपाचा विमानतळ उभा राहत होता आणि त्या भागातली जुनी घरं एकामागून एक विकली जात होती. या घराचे मालक म्हापशाला फ्लॅटात राहायला गेले होते. घर पाडायचं काम आमच्या डिचोलीच्या प्रवीणने घेतलं होतं. जुन्या घरांची कौलं, वासे, दारं, जनेलं म्हणजे खिडक्या, धड काढायची आणि नवे बंगले बांधणाऱ्यांना पुरवायची, हा त्याचा धंदा. त्याच्याकडे सात-आठ माणसं कामाला. त्यांतच शेवंता.

स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यात भिंत नव्हती, फळ्यांची आड होती. फळ्यांवर वरपासून खालपर्यंत कागद चिकटवलेले, आणि पन्नास वर्षांच्या चुलीच्या धुराने ते काळेठिक्कर झालेले.

"शेवंते, फळी फणसाची आहे," प्रवीण म्हणाला. "पाणी मार, कागद खरवड, फळ्या घासून ठेव. उद्या टेंपो येतोय."

शेवंताने पाणी मारलं, खरवडणी उचलली आणि ती थांबली. काजळीचा ओघळ खाली गेला होता आणि तिथे एक डोळा दिसत होता. तिने पदराचं टोक ओलं करून हळूच पुसलं. दुसरा डोळा आला. मग नाक, मग ओठ. नऊवारीतली बाई, कपाळावर आडवं कुंकू, हातात उपसलेली तलवार, आणि नजर अशी की समोरच्याने दोन पावलं मागे सरावं. वर लाल अक्षरांत नाटकाचं नाव: 'वाघजाईचा शब्द'. खालचा, नावांचा पट्टा वाळवीने खाल्लेला.

"प्रवीणभाऊ, हे माझ्याच्यानं व्हणार न्हाई."

"कित्याक?"

"माणसाच्या तोंडावर खरवडणी कशी मारू ओ? बाई बघायलीय माझ्याकडं."

"कागद तो, शेवंते!"

"कागद असला तरी बघायलाय."

बाकीची माणसं हसली. शेवंताने खरवडणी खाली ठेवली. "आठ दिवस द्या, टेंपो मागून येऊ द्या. दुपारच्या सुट्टीत मी हे सोडवते. फळ्या तुमच्या, कागद माझे."

प्रवीण तसा भला माणूस. "व्हर बाये, व्हर," तो 'घेऊन जा' अशी खूण करत म्हणाला. "कचरोच तो."

हे सगळं मला तिनेच पुढे सांगितलं. मी तिची शेजारीण. डिचोलीला लामगावात तिचं घर आमच्या घरापासून चौथं. मी शाळेत शिकवत होते आणि तिची मुलगी सुप्रिया माझ्या हाताखाली सातवीपर्यंत शिकली, म्हणून शेवंता मला 'बाई' म्हणते. पण खोटं कशाला बोलू? तिला नावाने हाक मारायला मलाही पुष्कळ वर्षं लागली. आमच्या वाड्यावर ती 'घाटावरची' होती. काही जण याहून वाईट बोलत.

ती मूळची चंदगडकडची. लग्न होऊन एकोणिसाव्या वर्षी इकडे आली. नवरा काशिनाथ खनिजाच्या ट्रकावर क्लीनर होता, पुढे ड्रायव्हर झाला. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक उभे राहिले आणि घरं उभारायच्या-पाडायच्या कामाला दोघंही लागली. सतरा वर्षं आमच्याच वाड्यावर एका खोलीत भाड्याने काढल्यावर त्यांनी लामगावात जागेचा एक तुकडा घेतला आणि काशिनाथने स्वतःच्या हाताने दोन खोल्या बांधल्या. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा. आतून गिलावा झाला होता, रंग व्हायचा होता.

शेवंता चौथी शिकलेली. पण ओल्या कागदाशी तिची ओळख लहानपणापासूनची. तिच्या आईचं सूप, टोपली झिजली की आई जुने कागद भिजवायची, त्यात मेथीचं वाटण घालून लगदा करायची आणि टोपलीला लिंपायची. ते काम शेवंताकडे असायचं. कागद पाण्यात किती वेळ राहिला की ढिला पडतो, किती वेळाने त्याचा चोथा होतो, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

तरी पहिली तीन पोस्टरं तिच्या हातून गेली. एक पाण्याने इतकं नरम झालं की हातात नुसता लगदा आला. दुसऱ्याचा लाल रंग सुटून खालच्या राजाच्या अंगरख्यावर पसरला. तिसरं मधोमध फाटलं. तेव्हा ती त्या आडीसमोर बसून भाकरी खाता खाता विचार करत राहिली. कागदाला वरून काहीतरी आधार हवा, तान्ह्या पोराला उचलताना मानेखाली हात लागतो तसा.

दुसऱ्या दिवशी ती घरून जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं घेऊन आली. वाटेत पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, शिळे पाव घेतले. पावाचा गर हलक्या हाताने फिरवून तिने आधी काजळी उचलली. मग लुगड्याचा तुकडा ओला करून, पिळून, पोस्टरच्या तोंडावर तळहाताने थोपटून बसवला. तासभर वाट पाहिली. मागची खळ फुगली, तशी बांबूची पातळ पट्टी वरच्या कडेने आत सरकवली आणि कापडासकट कागद एका लांब प्लास्टिकच्या नळावर गुंडाळत गुंडाळत खाली आणला. सगळं पोस्टर कापडाला चिकटून अख्खं सुटून आलं. मागे फळीवर फक्त पिवळा चौकोन उरला.

चौदांतली अकरा तिने वाचवली. तलवारवाली बाई सगळ्यांत शेवटी काढली, हात बसल्यावर.

तिची ती नळकांडी घरी आली तेव्हा मी अंगणात होते.

"काय गं हे, शेवंता?"

"नाटकाची पोस्टरं, बाई. घराला लावणार."

मला हसू आलं, पण एक गोष्ट सांगावीशी वाटली. आमच्या शाळेच्या वाचनालयात पुस्तकं बांधायला येणारा म्हातारा खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे कसर लागत नसे. मी ते तिला सांगितलं. तिने मान डोलावली आणि संध्याकाळी मैद्याच्या खळीत मोरचूद शिजत असल्याचा मला वास आला. जाड मांजरपाटावर तिने एकेक पोस्टर चिकटवलं, सावलीत वाळवलं, वर-खाली लाकडी पट्ट्या मारल्या आणि पुढच्या खोलीत चारी भिंतींवर लावून टाकली.

काशिनाथ कामावरून आला आणि दारातच उभा राहिला. "अगं, घर हाय का थेटर?"

"रंग द्यायचा वाचला," शेवंता म्हणाली.

तो आत आला, चप्पल काढली आणि एकेका भिंतीसमोर उभा राहत अर्धा तास फिरत राहिला. मग म्हणाला, "ह्या बाईला दारासमोर लाव. आलेला माणूस वचकून राहील." तेवढ्यावर त्या घराची सजावट पक्की झाली.

वाड्यावर मात्र हसायला विषय मिळाला. कुणी म्हणालं, घाटावरच्यांनी थिएटर काढलं, तिकीट कितीचं ते विचारा. शेवंता ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण एकदा ती मला म्हणाली, "बाई, लोकांच्या घरात किती वर्षं काम केलं, त्यांच्या भिंती पुसल्या. माझ्या भिंतीवर काय असावं, हे मला पहिल्यांदा ठरवता आलंय. हसू द्या की."

वर्षभर ती पोस्टरं तिथे होती आणि त्यांना पाहायला कुणी आलं नाही.

मग एक दिवस वीजखात्याचा मीटर वाचणारा नवा माणूस आला. साईश त्याचं नाव, राहणार वाघदेवाच्या वाडीचा. मीटर दारामागे होता. आकडा लिहून घेताना त्याने मान वर केली आणि तो ओरडलाच, "हें आमच्या गावचें नाटक!" अकराही पोस्टरांवर, वरच्या कडेला, एकाच मंडळाचं नाव होतं, वाघदेव प्रासादिक नाट्यमंडळ. त्याने भराभर फोटो काढले आणि गावातल्या लोकांना पाठवले.

पुढच्या रविवारी सकाळी लामगावच्या रस्त्यावर एक जीप येऊन थांबली. आत नऊ माणसं. पुढच्या सीटवरून दोघांनी धरून एका म्हाताऱ्याला उतरवलं. पांढरं धोतर, वय ऐंशीच्या पलीकडे, चेहऱ्यावर अजून एक तजेला. हे सखाराम. मंडळाचे सगळ्यांत जुने नट, पुढे तीस वर्षं दिग्दर्शक.

सगळ्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. शेवंताच्या घरी इतकी गोव्याची माणसं एका वेळी आलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. ती गोंधळली, खुर्च्या पुरेनात, माझ्याकडून दोन मागून नेल्या. सखाराम बसायला तयारच नव्हते. एकेका पोस्टरपुढे जाऊन बोट ठेवायचे. हा अमका, गेला. हा तमका, मुंबईला असतो. असं करत करत ते दारासमोरच्या भिंतीकडे आले आणि त्यांचं बोट हवेतच राहिलं.

"ही नटी कोण ओ, आज्जा?" शेवंताने विचारलं. "हिच्यापायीच मी हे सगळं काढलं. खाली नाव न्हाई. फोंड्याकडनं बोलावलेली होती का?"

म्हातारा तिच्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते.

"नटी खंयची गो? तो हांव!"

तलवारवाली बाई म्हणजे ते स्वतःच; तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे. सखारामांनी उपरणं खांद्यावरून पदरासारखं ओढून घेतलं, पाठ ताठ केली, हनुवटी उचलली आणि त्या पन्नाशी उलटलेल्या भाषणातली वाक्यं, एकही शब्द न चुकता, भिंतीवरच्या स्वतःकडे पाहत म्हणून टाकली. आवाज म्हातारा झाला होता, पण नजर तीच होती.

शेवंताने कपाळावर हात मारला. "अगं बाई! वर्षभर मी तुमच्यासमोर बसून भाकरी खाल्ली की ओ!"

घर हसून हसून दणाणलं. त्या दिवशी शेजारपाजारचे सगळे डोकावून गेले. जे थिएटर म्हणून हसत होते, तेही.

पण फोटो गावात गेले तसे म्हापशालाही गेले. चार दिवसांनी देवेश आला. पाडलेल्या घराच्या मालकिणीचा मुलगा. सोबत घरं सजवणारा एक गृहस्थ होता. जुनी नाटकाची पोस्टरं नव्या बंगल्यांत काचेआड लावायची आता फार हौस आहे, असं तो बोलून गेला. त्याने फीत काढून पोस्टरं मोजायला सुरुवातही केली.

"हीं आमच्या घरातलीं," देवेश म्हणाला. "आम्ही घर पाडायला दिलें होतें, तुला द्यायला नव्हे. गुंडाळून दे. न्हय तर पोलीस स्टेशनवर जावं लागेल."

"चोरी केली म्हणताय?"

"न विचारता नेलं त्याला काय म्हणतात?"

मी तिथेच होते. शेवंताच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला. वीस वर्षं परक्या मुलखात राहिलेल्या बाईला पोलीस स्टेशनचं नाव कसं लागतं, ते मला त्या दिवशी कळलं. प्रवीणला तिने फोन लावला. तोही घाबरला. "देऊन टाक बाये," म्हणाला, "मला त्यांच्या आणखी एका घराचं काम मिळायचं आहे."

शेवंताने फोन ठेवला. घोटभर पाणी प्यायली. मग देवेशला म्हणाली, "साहेब, तुमचं घर, तुमचे कागद, मान्य. पण हे तुम्ही चिकटवले न्हाईत. तुमचं वय बघून कळतंय. ज्यानं चिकटवले त्यानं मागितले तर मी हातानं आणून देईन. कोण ते सांगा."

"आमची आई," देवेश म्हणाला. "पण तिला कशाला..."

"मग त्यांनाच विचारते."

दुसऱ्या दिवशी तिने कामाला सुट्टी टाकली, इस्त्रीचं पातळ नेसली आणि म्हापशाची बस धरली. मला म्हणाली, "बाई, तुम्ही येता का? बोलायला अडले तर." मी गेले. पण ती अडली नाही.

देवेशच्या आईचं नाव सुमंगला. सत्तरीची, बारीक अंगाची बाई. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटात सोफा होता, मोठा टीव्ही होता आणि भिंती दवाखान्यासारख्या पांढऱ्या. देवेश घरी नव्हता.

शेवंता दारातच म्हणाली, "मी ती पोस्टरं काढलेली. चोर म्हणून आले न्हाई, विचारायला आले."

"भितर ये गो आधी," सुमंगला म्हणाली. "कसली पोस्टरां?"

मुलाने तिला काहीच सांगितलं नव्हतं. शेवंताने मोबाइलवर फोटो काढून पुढे धरला. सुमंगलाने चष्मा शोधला, लावला, आणि तिचा हात तोंडावर गेला. किती तरी वेळ ती एकेक फोटो सरकवत राहिली.

मग तिने सांगितलं. ती लग्न होऊन त्या घरी आली तेव्हा सासरे नाट्यमंडळाचे चालक होते. जत्रेला देवळापुढे मांडव पडायचा, साऱ्या गावाचं नाटक, तालमी तर यांच्याच ओसरीवर. पण घरच्या सुनांनी नाटक पाहायला जायचं नाही, असा सासऱ्यांचा दंडक. सुनांनी तालमीच्या माणसांना चहा करून आतून द्यायचा. संवाद कानावर पडायचे, तोंडं कधी दिसायची नाहीत.

"जत्रा झाली की उरलेली पोस्टरां माडीवर फेकून देत," सुमंगला म्हणाली. "मी एक एक करून खाली आणलीं. पेजेचा निवळ घेतला आणि रांदचेकुडीच्या, स्वयंपाकघराच्या आडीक लावलीं. मामंजी विचारूक लागले, हें कित्याक? मी म्हटलें, फटींतून वारो येता, चूल विझता. नाटक बघूंक सोडिनात, तर मी नाटकच घरांत आणलें. दरवर्षी एक. भाकऱ्या भाजताना तोंडां बघतालें, आणि आयकिल्ले संवाद त्यांच्या तोंडांत घालतालें."

शेवंता जमिनीवर बसली होती. ती हलकेच म्हणाली, "पेजेनं लावली होती, म्हणून सुटली. मी पण पेजेच्याच घरची, आक्का. त्या वासावरनं वळखलं, गोंद न्हवे."

"फाटली ना?"

"तीन गेली. माफ करा. अकरा हाईत. तुम्ही म्हणत असाल तर उद्या आणून देते. तुमचीच हाईत."

सुमंगला उठली, आत गेली आणि चहा घेऊन आली. सोबत जत्रेतलं गोड खाजें. तेवढ्यात देवेश दारात आला, आम्हाला पाहून थबकला. काही बोलायच्या आधीच आईने त्याला हाक मारली.

"देवेशा, आडीच्यो फळयो देताना तुका ह्या कागदांची याद जाली?"

"आई, पण ते आता..."

"आता कोणाक तरी आवडले म्हणून याद जाली. हिका ते काळे आसतानाच दिसले. पोस्टरां हिच्या घरांत रावतलीं. आणि तूं हिची माफी माग."

देवेशने माफी मागितली. त्याच्या तोंडावरून दिसत होतं की ती त्याला जड गेली, पण मागितली. शेवंता बसमध्ये परत येताना खिडकीबाहेर पाहत होती. आमचा रस्ता पर्वरी-गिरीच्या गर्दीतला नाही, अस्नोड्यावरून. दोन्ही बाजूंनी हिरवं. मध्येच ती माझ्याकडे वळली. "बाई, मला वाटलं होतं रडू येईल. भूक लागलीय." आम्ही डिचोलीच्या बाजारात उतरून पाव-भाजी खाल्ली, दोन-दोन प्लेट.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी आली. वाघदेवाच्या नाट्यमंडळाला पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती. देवळाशेजारच्या रंगपटाच्या खोलीत, म्हणजे नट जिथे रंगतात तिथे, फळ्यांच्या भिंतीवर एक पोस्टर होतं. गोवा मुक्त झाल्यावर पहिल्या जत्रेत झालेल्या नाटकाचं, 'तेरेखोलची तोफ'. बेळगावहून छापून आणलेलं, चार मोठे कागद जोडून केलेलं, माणसापेक्षा उंच. खोलीला वाळवी लागली होती आणि ती पाडणं भाग होतं. समितीने ठरवलं होतं की पोस्टरचा फोटो काढायचा, फ्लेक्सवर छापायचा आणि लाकूड जाळून टाकायचं. बैठकीत सखाराम काठी आपटून उठले. "डिचोलीची शेवंता काढतली," म्हणाले. सुमंगलाचा फोन आला, तिनेही तेच सांगितलं.

"ती कामगार बाई?" कुणीतरी विचारलं. "तिच्या हातून फाटलं तर जबाबदार कोण?"

"ते असंही जळणार आहे," सखाराम म्हणाले. "फाटलं तर जळायचंच फाटलं."

शेवंताने काम घेतलं. सोबत सुप्रिया होती, कॉलेजात शिकणारी, आणि आईच्याच बरोबर घरं पाडायच्या कामावर असणाऱ्या दोघी बाया. पहिला दिवस पावाच्या गराने नुसती काजळी आणि कोळ्याची जाळी काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्याला ओलं बोट लावून रंग सुटतो का ते पाहिलं. निळा सुटत होता. तिथे तिने पाणी न लावता नुसती वाफ द्यायचं ठरवलं. देवळाच्या मुदपाकखान्यातून किटली आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला कापड चढवलं. ही बातमी गावात कशी पसरली कुणास ठाऊक, पण अकरापर्यंत रंगपटाच्या दाराबाहेर दीड-दोनशे माणसं जमली. आतली खोली लहान, म्हणून पुढच्या फळ्या आधीच काढल्या होत्या; सगळ्यांना सगळं दिसत होतं. शेवंता स्टुलावर उभी होती. बांबूची पट्टी वरच्या कडेने आत गेली. पहिला कागद सुटला. दुसरा सुटला. सुप्रिया आणि त्या दोघी खाली नळ धरून गुंडाळत होत्या. तिसऱ्या कागदाच्या मध्यावर पट्टी अडली.

तिथे एक जुना खिळा होता. गंजून त्याने कागदाला आतून धरून ठेवलं होतं. ओढलं असतं तर तोफेच्या बरोबर तोंडापाशी फाटलं असतं. लोकांत कुजबुज सुरू झाली. समितीतला एक जण पुढे येऊन म्हणाला, "ओढ गो एकदा, तेवढा तुकडा गेला तर गेला."

शेवंताने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "सुप्रिया, गरम पेज आण. निवळ. मीठ न्हाई घालायचं."

पेज यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ती एका हाताने कापड तोलून तशीच उभी राहिली. तिचा हात भरून आला तेव्हा काशिनाथ, जो गर्दीत मागे उभा होता, पुढे आला आणि त्याने तिच्या कोपराखाली आपला तळवा दिला. पेज आली. तिने कापसाचा बोळा बुडवून खिळ्याभोवती थेंब थेंब सोडला. थांबली. पुन्हा सोडला. मग पट्टी टाकून दिली आणि नख आत घातलं. खिळ्यावरून कागद असा उतरला जसं बोटातून जुनं वेढणं साबणाने सुटतं.

पुढचं सगळं भराभर झालं. चौथा कागद, खालची नावांची ओळ, शेवटची कड. देवळाच्या अंगणात सतरंजीवर नवं कापड खळ लावून तयार होतं. नळ तिथे नेऊन त्यांनी तो हळूहळू उलगडला आणि शेवंताने वरचं ओलं कापड एका कोपऱ्यातून सोलून काढलं. लाल, निळं, काळं, सगळं जागच्या जागी. किल्ला, नदी, तोफ, आणि तोफेमागे उभा राहिलेला शिपाई.

मग रंगपटाच्या आतून नाटकाची घंटा वाजली. सखाराम स्वतः दोरी ओढत होते. एक, दोन, तीन. तिसऱ्या घंटेला सारं अंगण टाळ्यांनी भरून गेलं. मघाशी 'ओढ' म्हणणारा माणूस सगळ्यांत जोराने वाजवत होता. शेवंता मधोमध उभी होती, कोपरापर्यंत खळ, कपाळावर काजळी, आणि हसत होती. इतकी मोठ्याने की मला ती त्या क्षणी वीस वर्षांनी लहान वाटली.

पंचाहत्तराव्या वर्षाच्या नाटकाची जाहिरात महिनाभराने निघाली. लेखक, दिग्दर्शक, नट, रंगभूषा, प्रकाश अशी नावं होती आणि त्यांच्यात, तितक्याच मोठ्या टायपात, एक ओळ होती: 'जुन्या पोस्टरांची उतरवणी आणि जपणूक: सौ. शेवंता काशिनाथ गावडे, लामगाव-डिचोली.' काशिनाथने त्याच्या दहा प्रती मागून आणल्या. एक ट्रकवाल्या दोस्ताला दिली, एक चंदगडला धाडली. आमच्या वाड्यावर वाटली ती त्यानेच, घरोघरी जाऊन. प्रत्येक घरी चहा झाला.

आता तिला हातचं काम सोडायला फुरसत नाही. पेडण्यात, डिचोलीत कुणाच्या आर्मारात, म्हणजे कपाटात, आतून लावलेलं, कुणाच्या ट्रंकेच्या झाकणात, कुणाच्या माळ्यावर असं एखादं पोस्टर निघतंच. कुणाचे वडील त्यात राजा असतात, कुणाचा मामा विदूषक. पूर्वी लोक ते ओढून फेकायचे. आता ते पुढच्या खोलीत लावावंसं वाटतं. घरं सजवणारा तो गृहस्थही आला होता. शेवंताने त्याला सांगितलं, ज्यांच्या घरची माणसं पोस्टरात आहेत त्यांचं काम आधी, तुमचं मागून. तो थांबायला तयार झाला. तिच्या हाताखाली पाच बाया आहेत. सुप्रियाने कॉलेज संपवून मडगावच्या एका ग्रंथालयात जुन्या कागदांची निगा राखण्याचं शिक्षण सुरू केलंय आणि ती आईला दर रविवारी नवी माहिती सांगते. आई त्यातली निम्मी मान्य करते.

सुमंगलाच्या पांढऱ्या भिंतींवर तीन पोस्टरं लागली आहेत. ती शेवंताने स्वतः नेऊन दिली, तलवारवाल्या 'बाई'सकट. सुमंगलाने नको नको म्हटलं, मग कुठे लावायचं ते अगदी इंचाने सांगितलं.

गेल्या आठवड्यात तेरेखोलहून बोलावणं आलं. तिथल्या एका घरात बाल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, दारामागे दोन पोस्टरं सापडली होती. शेवंता पाच बायांना घेऊन केरीच्या धक्क्यावर गेली. हातात नळ, कापडांची गाठोडी, पावाची पिशवी, पेजेची किटली. मीही गेले होते, मला आता शाळा नाही. फेरीबोट निघाली, वारा सुटला. बोटीवरच्या माणसाने त्या साऱ्या लवाजम्याकडे पाहून, स्वयंपाकिणी समजून विचारलं, "कोण गो तुमी? लग्नाच्यो रांदपिणी काय?"

शेवंता पुढच्या कठड्याला टेकून उभी होती. ती वळली.

"आम्ही पोस्टरवाल्या," ती म्हणाली. "तुमच्या घरी हाय का एखादं?"

त्या माणसाने डोकं खाजवलं आणि विचार करून म्हणाला की आजोबांच्या पेटीत काहीतरी चिकटवलेलं आहे खरं. शेवंताने तिथेच त्याचा फोन नंबर लिहून घेतला.